दिव्याखालच्या बाईसाहेब

वहिनींचा उजवा तळवा म्हणजे त्या प्राणिसंग्रहालयातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भरवशाचं थर्मामीटर. एकोणीस वर्षं त्यांनी अनाथ पिल्लांच्या खोलीत काढली. आईनं टाकलेलं माकडाचं पोर, काटक्यांसारख्या पायांचं पाडस, डोळेही न उघडलेली कोल्ह्याची चार पिल्लं, जे काही येईल त्याच्या पोटाला वहिनी तळवा लावायच्या आणि डॉक्टर यायच्या आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या. याला ताप आहे. हे नुसतं भुकेलंय. हे जगेल. आणि कधीकधी, अंग थंड लागलं की, हळूच म्हणायच्या, "याला राहू द्या आता." थंड म्हणजे संपलं. त्यात त्यांची एकदाही चूक झाली नव्हती आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. का नसावा?

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. नवरा इथेच पाण्याचा टँकर चालवायचा, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या. पुढे नवरा गेला, टँकर भंगारात गेला, नातं तेवढं राहिलं. साठीच्या माळीबुवांपासून तिशीही न गाठलेल्या डॉक्टरांपर्यंत सगळे वहिनीच म्हणत.

तर अशा या वहिनींची बदली झाली सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दालनात. पिल्लांची खोली बंद झाली आणि नेमका त्याच महिन्यात दालनाचा जुना राखणदार निवृत्त झाला. त्यानं किल्ल्यांचा जुडगा वहिनींच्या हातात ठेवला आणि सगळ्या कामाची माहिती एका दमात दिली. "यांचं काही नसतं हो वहिनी. दिवा आणि पाणी. बाकी आपलं आपण बघतात." एवढं बोलून तो लेकीकडे राहायला गेला, तो गेलाच.

पहिल्या आठवड्यात वहिनींचं डोकं पार चक्रावून गेलं. सकाळी अजगराला हात लावला तर फरशीसारखा गार. दुपारी त्याच अजगराला हात लावला तर हात भाजावा इतका गरम. वहिनींनी रोजच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, "अजगरास सकाळी मरण, दुपारी ताप." डॉक्टर तो कागद घेऊन धावत आले आणि दारातच हसत सुटले.

"वहिनी, तो दुपारी दिव्याखाली बसला होता का?"

"होता. मग?"

"मग काय, तापणारच. यांच्या अंगात आपल्यासारखी चूल नसते हो. तुमची माकडाची पोरं दर तीन तासांनी दूध का मागायची? चुलीला सरपण लागतं म्हणून. खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त अंग गरम ठेवण्यातच जातं. हे लोक बाहेरून ऊब घेतात. उन्हात बसले की गरम, सावलीत गेले की गार. म्हणून तर याला महिन्यातून दोनदा जेवण पुरतं."

"म्हणजे याला तापच येत नाही?"

"चूलच नाही, तर भडकणार काय?" डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच्या उत्तरावर खूश होऊन निघून गेले.

वहिनी मात्र तिथेच उभ्या राहिल्या. अंगाची चूल नाही, हे ठीक. पण मग हे आजारी आहे की धडधाकट, जिवंत आहे की गेलं, हे हातानं ओळखायचं कसं? ज्याचं अंग भिंतीएवढंच गार किंवा दिव्याएवढंच गरम, त्याच्या अंगाला हात लावून कळणार तरी काय? एकोणीस वर्षांची विद्या एका फटक्यात मातीमोल झाली. त्यांना फार वाईट वाटलं. घरी जाऊन त्या सासूबाईंशी विनाकारण भांडल्या. सासूबाईही काही कमी नव्हत्या, त्यामुळे भांडण चांगलं रंगलं आणि दोघींना बरं वाटलं.

दालनात एकूण सव्वीस जीव. त्यातला एकच वहिनींना जरा माणसात असल्यासारखा वाटला. ती होती एक म्हातारी घोरपड. चांगली चार हात लांब, गळ्याला कातड्याच्या घड्या, आणि बघणं असं की आपणच पिंजऱ्यात आहोत असं वाटावं. तिला सगळे बाईसाहेब म्हणत आणि तिच्याबद्दल बोलताना आदरार्थीच बोलत.

बाईसाहेबांचा दिनक्रम घड्याळावर लावावा असा होता. दिवा लागला की त्या सावकाश येऊन त्याखालच्या खडकावर पसरायच्या. तास-दीड तासानं अंग हवं तेवढं तापलं की उठायच्या आणि पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या हौदापाशी सावलीत जायच्या. तिथे गारवा जास्त झाला की पुन्हा दिव्याखाली. दिवसभर हेच. वहिनींना ते पाहताना मजा वाटायची. घामही येत नाही, हुडहुडीही भरत नाही, आहेत ते चार पाय. त्या चार पायांवरच बाईसाहेब आपलं ऊनसावलीचं गणित चोख सांभाळायच्या.

आणि एका सोमवारी ते गणित बिघडलं.

बाईसाहेब सकाळी दिव्याखाली गेल्या त्या उठल्याच नाहीत. दुपार झाली, संध्याकाळ झाली, तरी तिथेच. दुसऱ्या दिवशीही तेच. वहिनींनी वाकून पाहिलं तर मागचा डावा पाय सुजलेला. खडकाच्या कपारीत नखी अडकून उपटली होती आणि तिथून पू येत होता. डॉक्टर आले. जखम धुतली, सुई टोचली, थर्मामीटर लावून पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"नेहमीपेक्षा दोन अंशांनी जास्त आहे."

"म्हणजे ताप?" वहिनी म्हणाल्या.

"ताप नाही हो. किती वेळा सांगू? दिव्याखाली अतोनात बसल्यात, म्हणून तापल्यात. पायामुळे हलायचा कंटाळा आला असेल. अशानं अंगातलं पाणी आटेल आणि पाय राहील बाजूला, भलतंच होऊन बसेल." त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं, "घोरपड : दिवा दिवसातून चारच तास. बाकी वेळ गार बाजूला ठेवणे." खाली सही केली.

वहिनींना हे ऐकून खरं तर हायसं वाटलं. तापलेलं अंग निववायचं, हे काम तर हातचा मळ! त्यांनी जुन्या खोलीतून स्वच्छ फडकी आणली, पाण्यात पिळली, बाईसाहेबांना उचलून हौदापाशी नेलं आणि लहान लेकराला पुसावं तसं डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसून काढलं. ओली घडी पाठीवर ठेवली. "पडा निवांत," म्हणाल्या.

बाईसाहेबांनी वहिनींकडे एकदा पाहिलं. मग दुखरा पाय ओढत, पाठीवरच्या फडक्यासकट, बारा हात अंतर सरपटत दिव्याखाली गेल्या.

वहिनींनी पुन्हा आणलं. बाईसाहेब पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी खडकाला अशी मिठी मारली की नख सुटेना. घोरपडीची पकड ती, माणसाच्या हातानं थोडीच निघणार? शेवटी वहिनींनी दिवाच बंद केला. तर बाईसाहेब भिंतीकडे वळल्या. तिथून गरम पाण्याचा नळ जात होता. त्या नळाला पोट लावून आडव्या झाल्या.

"हट्टीपणा करू नये मोठ्या माणसांनी," वहिनी घाम पुसत म्हणाल्या. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी माझ्या मनाचं करते का?"

असं तीन दिवस चाललं. वहिनी बाईसाहेबांना गारव्याला आणायच्या, बाईसाहेब उबेला जायच्या. बाईसाहेबांची शक्ती कमी होत चालली, पण दिशा चुकली नाही. पाय आणखी सुजला. नजरेतला तोराही मावळला. शुक्रवारी वहिनींनी उचललं तेव्हा त्यांनी नखं रोवली नाहीत, मान खाली टाकली. आपण हे जनावर बरं करतोय की मारतोय?

मन दोन्हीकडून ओढत होतं. डॉक्टर शिकलेले. आणि रोग्याच्या मनासारखं कधी करायचं नसतं, हे तर वहिनींचंच मत. पिल्लं काय वाटेल ते मागायची. वहिनींनी कधी दिलं नव्हतं. पण ही पिल्लू नव्हती. ही आयुष्यभर आपलं अंग आपण मोजून तापवत आणि निववत आलेली म्हातारी होती. तिला आजच हिशेब कळेनासा झाला, असं कसं होईल?

त्या संध्याकाळी वहिनी घरी आल्या तर सासूबाई खाटेवर मुटकुळं करून पडलेल्या. अंगावर घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं, वर वहिनींचा जुना कोट.

"थंडी वाजतेय गं," सासूबाईंचे दात वाजत होते. "ते दार लाव आधी. आणि तुझी शाल दे."

वहिनींनी कपाळाला हात लावला. चटका बसला. "अहो, अंगावर भाकऱ्या भाजतील तुमच्या! थंडी कसली वाजतेय? काढा ती पांघरुणं."

"हात लावून बघ पांघरुणाला!"

"ताप चढलाय तुम्हाला."

"चढलाय ते मलाही कळतंय. पण थंडी वाजतेय ती मला, तुला नाही. मला काय विचारतेस? या अंगाला विचार. त्याला अजून ऊब हवीय."

वहिनी पांघरुणाचं टोक धरून तशाच थांबल्या. अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि वर अजून ऊब मागतंय. हुडहुडी भरून, दात वाजवून स्वतःला आणखी तापवतंय. असा तापलेला आणि थंडीनं कुडकुडणारा जीव त्यांनी हजारदा पाहिला होता आणि हजारदा त्यावर ओली घडी ठेवली होती. अंग असं का करतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. समजा, अंगालाच आत्ता गरम व्हायचं असेल तर? काहीतरी आत शिरलंय, त्याला भाजून काढायचं असेल तर? सासूबाईंकडे चूल आहे, त्या थरथरून ती पेटवतायत. ज्याच्याकडे चूलच नाही त्यानं काय करावं? त्यानं उठून दिव्याकडे जावं. पाय सुजला असला तरी, बारा हात सरपटत.

वहिनींनी पांघरूण सोडून दिलं. वर आपली शालही घातली.

तासाभरानं मात्र सासूबाई कण्हायला लागल्या. वहिनींनी तापाची गोळी दिली, घाम आला, ताप उतरला आणि सासूबाई पेज पिऊन शांत झोपल्या. झालं! वहिनींच्या डोक्यात पुन्हा गोंधळ. ताप चांगला म्हणावा, तर गोळीनं बरं वाटलं. ताप वाईट म्हणावा, तर अंग स्वतःहून तो का मागत होतं? या विचाराला ना शेंडा ना बुडखा. भांडी घासताना त्यांनी एकच कप चार वेळा धुतला.

शनिवारी सकाळी डॉक्टर गाडीत बसता बसता वहिनींनी त्यांना गाठलं. ते दोन दिवसांसाठी परगावी निघाले होते.

"डॉक्टर, बाईसाहेबांना ताप यायची सोयच नसेल, तर त्या दिव्याखाली जाऊन तो आणत नसतील कशावरून?"

डॉक्टरांनी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. "म्हणजे? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"कॉलेजात असताना असं काहीतरी कानावर आलं होतं खरं," ते डोकं खाजवत म्हणाले. "सरड्यांबद्दल की कशाबद्दल... आठवत नाही. परीक्षेला नव्हतं ते." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "वहिनी, माझ्या मते त्यांना गारच ठेवा. भाजल्या बिजल्या तर उद्या माझ्यावर येईल. सोमवारी बघू." आणि गाडी गेली.

वहिनी फळ्यासमोर उभ्या राहिल्या. इकडे आड, तिकडे विहीर. दिवा बंद ठेवला आणि बाईसाहेब गेल्या, तर फळ्यावर डॉक्टरांची सही आहे. दिवा लावला आणि गेल्या, तर मारलं ते वहिनींनी. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण एकोणीस वर्षांत आपल्या हातानं एक जीव गेला, हे घेऊन पुढे जगायचं कसं? भीती वाटत होती, सरळ भीती.

त्यांनी खडू घेतला आणि डॉक्टरांच्या ओळीखाली लिहिलं, "दिवा दिवसरात्र चालू. हे माझ्या जबाबदारीवर." खाली सही म्हणून वहिनी असंच लिहिलं.

बटण दाबलं. हौदापाशी पडलेल्या बाईसाहेबांनी डोकं उचललं. खडकापर्यंत पोचायला त्यांना पाऊण तास लागला, मध्ये तीनदा थांबल्या. वहिनींना वाटलं उचलून ठेवावं, पण त्यांनी हात मागे बांधून घेतले. आजवर फार उचललं होतं.

तो सबंध दिवस बाईसाहेब हलल्या नाहीत. रविवारीही नाहीत. वहिनींनी पाण्याचं भांडं तोंडाशी नेलं, त्यात जीभ बुडाली तेवढंच. डॉक्टरांनी दिलेल्या सुया माळीबुवांना बाईसाहेबांचं तोंड धरायला लावून वेळेवर टोचल्या. अंगाला हात लावला की चटका बसायचा आणि दर वेळी वाटायचं, पुसून काढावं. फडकं हातात घेऊन त्या दोनदा आत गेल्या आणि दोनदा परत आल्या.

सोमवारी सकाळी त्यांनी दालनाचं कुलूप काढलं. दिवा चालू होता. खडक रिकामा होता.

बाईसाहेब पलीकडच्या टोकाला, हौदाच्या कडेला, सावलीत पडल्या होत्या. डोळे मिटलेले, चारी पाय पसरलेले. वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि पाठीवर तळवा ठेवला.

गार. दगडासारखं गार.

वहिनी भिंतीशी जाऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आपण कोण लागून गेलो होतो? कॉलेजात शिकलेला माणूस सांगतो, आणि आपण खाटेवरच्या म्हातारीच्या बोलण्यावरून दिवे लावतो! भाजून मारलं आपण तिला. मग उठून त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं, "बाईसाहेब गेल्या. चूक माझी." अक्षरं वाकडीतिकडी आली.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. फळा वाचून त्यांचा चेहरा उतरला. ते हौदापाशी जाऊन उकिडवे बसले आणि बाईसाहेबांना निरखू लागले.

"वहिनी," ते म्हणाले, "यांना इथे कुणी ठेवलं?"

"कुणी म्हणजे? कुणी नाही. मी आले तेव्हा इथेच होत्या."

"काल संध्याकाळी कुठे होत्या?"

"खडकावर."

"दिवा चालू होता?"

"हो, हो, चालू होता! सांगते ना, माझीच चूक आहे."

"मग त्या इथे कशा आल्या?" डॉक्टर वळले. "मरायला टेकलेलं जनावर बारा हात चालत येत नाही. आणि पाय बघा."

वहिनींनी पाहिलं. डाव्या पायाची सूज निम्म्यानं उतरली होती. कातडीला पुन्हा सुरकुत्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी पायाच्या बोटाला हलकासा चिमटा काढला. पाय आत ओढला गेला. मग एक डोळा उघडला, गळा फुगला आणि बाईसाहेबांनी एवढा मोठा फुत्कार सोडला की डॉक्टर मागच्या मागे बसकले.

"पण गार आहेत हो!" वहिनी ओरडल्या. "हात लावून बघा. गार पडल्यात!"

"सावलीत बसल्यात म्हणून गार. हवी होती तेवढी ऊब घेतली, आता नकोय." डॉक्टर बोलता बोलता थांबले. "निदान मला तसं वाटतं. औषधानं बरं झालं की दिव्यानं, देव जाणे. तुम्ही मध्येच तीन दिवस गार ठेवलं होतं, ते मी सांगितलं म्हणून. मला खरंच कळत नाहीये वहिनी."

"मला तरी कुठे कळतंय!" वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या.

"आता कशाला रडताय? जिवंत आहेत त्या. फळा पुसू का?"

"पुसा. पण मला रडू द्या. सुरू केलंय ते अर्ध्यावर कसं सोडू?"

डॉक्टर फळ्याकडे गेले. वहिनी बाईसाहेबांच्या शेजारी ओल्या फरशीवरच बसल्या. त्यांनी तळवा पुन्हा त्या गार पाठीवर ठेवला. हात आपणहून मागे यायला बघत होता, तो त्यांनी दाबून धरला. बराच वेळ काही कळलं नाही. मग तळव्याखालच्या बरगड्या हळूच वर आल्या, थांबल्या, आणि खाली गेल्या. वहिनींनी श्वास मोजायला सुरुवात केली.